व्यापार, दानधर्म आणि विणकर

कांहीं शब्द भाषेंत नव्यानें आलेले असतात, पण त्यांनीं दर्शविलेली वस्तु जुनीच असते. उलट कांहीं वेळां शब्द ओळखीचा वाटतो, परंतु त्याच्या पोटांतील अर्थ अगदीं नवा असतो. 'कंपन्यांची सामाजिक जबाबदारी' हा शब्दप्रयोग यांपैकीं कोणत्या वर्गांत घालावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे. २०१३ सालच्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें हा शब्द आपल्या व्यवहारांत रूढ केला. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांच्या घरांत जातो, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं निदान शेकडा २ भाग लोकोपयोगी कामांकडे लावावा, असें हें कलम सांगतें.

या कायद्याविषयीं सुशिक्षितांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ही पाश्चात्यांकडून उसनी घेतलेली कल्पना आहे. दुसरा म्हणतो, धर्मशाळा, पाणपोया, घाट आणि अन्नछत्रें बांधणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांस हें कोणीं शिकवावयास नको होतें. दोन्ही मतांत थोडेंबहुत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष बोलतात तें नफा झाल्यानंतर त्याचें काय करावें याविषयीं. नफा कसा झाला, माल कोणाकोणाच्या हातांतून आला, आणि त्या हातांस काय मिळालें, हा प्रश्न दोघेही टाळतात. आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे, आणि त्याचा विचार करण्यास आमच्या छत्रपती संभाजीनगराएवढें, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेएवढें, सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. या शहरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर गोदावरीच्या तीरीं पैठण आहे, आणि कापड व व्यापार यांचा या प्रदेशांतील इतिहास दोन हजार वर्षांचा आहे.

प्रारंभ मात्र पैठणच्या शेजारच्या मुलुखांतून करावा लागतो, कारण या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें तेथें एक लेणें खोदवून भिक्षुसंघास अर्पण केलें, आणि त्याच्या भिंतीवर आपल्या दानाचा तपशील कोरविला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा लेख आहे. त्यानें ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ते संघाच्या हातीं न देतां गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे, म्हणजे कोलिकनिकायांकडे, गुंतविले. पहिल्या संघाकडे २००० ठेवले, त्यांवर व्याज शेकडा १. दुसऱ्याकडे १०००, त्यांवर व्याज शेकडा पाऊण. मूळ रक्कम कधीं परत घ्यावयाची नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं, म्हणजे वस्त्रासाठीं, द्यावयाचे. दुसऱ्या रकमेचें व्याज त्यांच्या इतर किरकोळ खर्चासाठीं.

वाचकांनीं हा हिशेब एकदां स्वतः करून पाहावा. व्याज दरमहाचें धरलें म्हणजे २००० वर महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण होतात. आणि २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ याप्रमाणें खर्चही २४० च होतो. दगडावरचा हा हिशेब इतका नेमका जुळतो, यावरून दात्यानें रक्कम उदारपणाच्या भरांत ठरविली नव्हती, गरज मोजून ठरविली होती, हें उघड होतें.

या व्यवहाराचीं तीन लक्षणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, येथें विणकर हा दानाचा याचक नाहीं, विश्वस्त आहे. राजाच्या जांवयानें आपली ठेव सावकाराकडे न ठेवतां मागकऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवली, कारण तिची पत तेवढी होती. दुसरें असें कीं, रक्कम, व्याजाचा दर आणि खर्चाची बाब हीं तिन्हीं स्पष्ट सांगितलेलीं आहेत. तिसरें लक्षण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें: हें सर्व निगमसभेंत ऐकविलें व तेथील फलकावर नोंदविलें, असें लेखांतच म्हटलें आहे. खाजगी पुण्याची ही सार्वजनिक नोंद होती. ती कोणासही पाहतां येत होती, आणि वचन मोडल्यास तें कोणीं मोडलें हें सांगतां येत होतें.

पुढें पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचें राज्य मोडलें. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १३००० हून अधिक नाण्यांचा जो सांठा मिळाला, त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला आढळला. राजा बदलला म्हणजे नाणें पुन्हां ठोकतां येतें. श्रेणीची पत मात्र अशी ठोकून बनवितां येत नाहीं. म्हणूनच पुढें आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं ठेव ठेवावयाची झाली, तेव्हां तीही नाशिक येथें तेली आदि कारागिरांच्या श्रेण्यांकडेच ठेवली गेली.

खुद्द पैठणच्या लोकांचीं नांवें पाहावयाचीं असल्यास आमच्याच जिल्ह्यांतील कन्नड तालुक्यांत पितळखोऱ्याच्या लेण्यांत जावें. तेथील एका स्तंभावर तो प्रतिष्ठानच्या मितदेव नांवाच्या गांधिक कुळांतील माणसानें दिल्याचें कोरलेलें आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. तेथेंच सांपडलेल्या, आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असलेल्या, एका यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें घडविल्याची नोंद आहे. देणाऱ्याचें नांव कोरण्याची चाल सर्वत्र आहे. करणाऱ्याचेंही नांव तितक्याच मानानें कोरलें जावें, ही गोष्ट विरळा. या लहानशा अक्षरांची आठवण पुढें आपल्यास पुन्हां लागणार आहे.

त्याच सुमारास लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण हें भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. पैठणची कीर्ति सांगतांना पुष्कळ लेखक या ग्रंथाच्या आधारें रोमच्या स्त्रिया पैठणचें वस्त्र नेसत असे लिहून जातात; परंतु ग्रंथकार पैठणहून येणारा म्हणून जो माल सांगतो तो अकीक दगड होय, आणि तऱ्हेतऱ्हेचें कापड तो तगर येथील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथील, म्हणून सांगतो. हा माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलुखांतून गाड्यांवर लादून भडोचेस नेत. म्हणजे मागापासून जहाजापर्यंतची सांखळी त्या काळींही लहान नव्हती. तेरच्या विणकरानें आपलें कापड घेणारा यवन व्यापारी डोळ्यांनीं पाहिला असण्याचा संभव थोडाच.

सांखळी लांब असली कीं तिच्या प्रत्येक कडीवर कोणाची तरी नजर असावी लागते, हें आपल्या प्राचीन राजनीतिज्ञांस ठाऊक होतें. कौटिलीय अर्थशास्त्रांतील सूत्राध्यक्षाचें प्रकरण या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, ज्यांचे पति परदेशीं आहेत अशा घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांस काम हवें असल्यास अध्यक्षानें आपल्या दासींकडून तें त्यांच्या घरीं आदरपूर्वक पोंचवावें. ज्या स्वतः पहांटे सूत घेऊन येतील त्यांच्याशीं व्यवहार करतांना दिवा केवळ सूत पारखण्यापुरताच असावा. अध्यक्षानें त्यांच्या मुखाकडे पाहिल्यास किंवा इतर गोष्टी बोलल्यास त्यास दंड. आणि मजुरी देण्यास विलंब केल्यास त्याहून मोठा दंड. सणाच्या दिवशीं काम घ्यावयाचें तर वर कांहीं देऊन, मान राखून घ्यावें. काम करणाऱ्या स्त्रीची अब्रू आणि तिची मजुरी या दोन्ही गोष्टी ज्यानें एकाच प्रकरणांत, एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीखालीं घातल्या, त्याची दृष्टि खचित सूक्ष्म होती.

पण एवढ्यावरून प्राचीन काळ म्हणजे विणकराचें सुवर्णयुग होतें असें अनुमान कोणीं काढूं नये. त्याच प्रकरणांत, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीचा अंगठा छाटण्याची शिक्षा सांगितली आहे. अध्यक्षानें चूक केली तर पैशाचा दंड, आणि सूत कांतणारीनें केली तर अंगठा! नाशिकच्या लेखांतही भिक्षूच्या वस्त्राचा हिशेब पूर्ण आहे. ज्या विणकराच्या श्रमांतून तें व्याज निघावयाचें त्याच्या घरच्या वस्त्राचा नाहीं. प्राचीनांकडून आम्हांस जें घ्यावयाचें आहे तें त्यांचें सुख नव्हे. जबाबदारी आंकड्यांत मांडावी, ती कोणाची हें नांवानें सांगावें आणि सर्वांसमक्ष नोंदवावी, ही त्यांची रीति होय.

मध्ययुगांत या प्रदेशांतील विणकामास राजाश्रयानें नवें वैभव आलें. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली, औरंगजेबाच्या सुभेदारींत ती औरंगाबाद झाली, आणि दरबाराच्या मागणीमुळें रेशीम व सूत यांच्या मिश्रणाचें हिमरू आणि मशरू येथें नांवारूपास आलें. मशरू या शब्दाचाच अर्थ धर्मानें संमत असा आहे: पुरुषांनीं शुद्ध रेशीम अंगास लावूं नये या नियमाचा मान राखून, बाहेरून रेशीम दिसावें व अंगाशीं सूत यावें असें तें विणीत. गिऱ्हाईकाच्या धर्मबुद्धीस मागानें दिलेलें हें उत्तर मोठें चतुराईचें आहे. पैठणच्या मागांवरचीं जरीचीं वस्त्रें पेशव्यांकडे जात, निजामाच्या घराण्याकडेही जात. परंतु येथें एक फरक झाला. आतां विणकराच्या डोक्यावर श्रेणी नव्हती, आश्रयदाता होता. आश्रयदात्याची मर्जी हें मोठें सुख खरें. पण तें कराराइतकें टिकाऊ नसतें. दरबार गेला कीं माग थांबतो.

त्यानंतर जें झालें त्याचें सर्वांत कठोर रूप आपल्याकडे नव्हे, तर बंगालमध्यें दिसलें. ईस्ट इंडिया कंपनीचे गुमास्ते विणकरांस दादनी म्हणजे आगाऊ रक्कम देत, किंमत स्वतः ठरवीत, आणि एकदां दादनी घेतलेल्या विणकरास दुसऱ्या कोणास माल विकूं देत नसत. विल्यम बोल्ट्स या व्यापाऱ्यानें १७७२ सालीं लिहून ठेवलें कीं, सक्तीच्या कामांतून सुटण्यासाठीं कच्चें रेशीम उकलणाऱ्यांनीं आपले अंगठे आपणच कापून घेतल्याचीं उदाहरणें घडलीं. बोल्ट्सचें कंपनीशीं वैर होतें हें ध्यानांत घेऊनच त्याची साक्ष वाचली पाहिजे. परंतु दादनीचा जाच केवळ त्याच्या एकट्याच्या साक्षीवर अवलंबून नाहीं.

आणि इतिहासाचा विपर्यास असा कीं, याच काळांत इंग्लंडांत ग्राहकाच्या सदसद्विवेकबुद्धीची पहिली मोठी चळवळ झाली. १७९१ सालीं विल्यम फॉक्स यानें एक पत्रक काढून, वेस्ट इंडीजमधील साखर गुलामांच्या रक्तानें माखलेली आहे, सबब ती खाऊं नये, असें आवाहन केलें. क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ३००००० लोकांनीं ती साखर सोडली. पुढें तर 'गुलामांनीं न केलेली ईस्ट इंडियाची साखर' अशीं अक्षरें असलेलीं साखरेचीं भांडीं विलायतेंतील घरांत दिसूं लागलीं. या कुटुंबांची कळकळ खरी होती, हें आम्ही निःशंकपणें मान्य करतों. गुलामगिरीच्या उच्चाटनास तिचें साहाय्य झालें. परंतु ज्या कंपनीच्या नांवानें ती साखर निर्मळ ठरली, तिच्याच दादनीखालीं बंगालचा विणकर पिचला होता. दयेस डोळे असतात, पण ते जिकडे दिवा धरला जातो तिकडेच पाहतात. म्हणून दिवा कोणत्या कडीवर धरावयाचा हें विकणाऱ्यानें ठरवूं नये.

आमच्या भागांत यंत्रयुग थोडें उशिरा आलें. औरंगाबादेस १८८९ सालीं सूत व कापड यांची गिरणी निघाली. १९०० सालीं हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला, आणि मराठवाड्याचा कापूस दूरच्या बाजारपेठांस जोडला गेला. गिरणीनें कापड स्वस्त केलें, गरिबाचें अंग झांकलें. हा तिचा उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण कापूस पिकविणारा, सरकी काढणारा, सूत कांतणारा, विणणारा आणि नेसणारा यांच्यामधील अंतर इतकें वाढलें कीं, यापुढें एकास दुसऱ्याचें तोंड दिसणें अशक्य झालें.

हें अंतर पुन्हां मोजण्याचा एक धीट प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला. १९३५ सालीं वर्ध्यास गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघानें कांतणाऱ्या स्त्रियांस निर्वाहापुरती मजुरी देण्याचें तत्त्व स्वीकारलें. गांधीजींची अपेक्षा आठ तासांच्या कामास आठ आणे अशी होती. तेथवर एकदम जातां आलें नाहीं, तरी मजुरी वाढविली गेली. त्याचा परिणाम उघड होता: खादी महाग झाली. खप घटेल अशी भीति पुष्कळ कार्यकर्त्यांनीं व्यक्त केली, आणि ती अनाठायीं नव्हती. पण गरिबांसाठीं निघालेली संस्था गरीब कांतणारीस कमी पैसे देऊन स्वस्त माल विकते, ही विसंगति त्यांनीं झांकून ठेविली नाहीं. स्वस्ताईचा भार कोणावर पडतो हें त्यांनीं ग्राहकास सांगितलें व भाव वाढविला. दान वाढवून मजुरी तशीच ठेवण्याचा सोपा मार्ग त्यांस मोकळा होता. तो त्यांनीं पत्करला नाहीं.

आतां पैठणीकडे वळूं. खऱ्या पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया वा आसावळीची वेल ही निरनिराळ्या रंगांचे धागे हातानें गुंतवीत विणलेली असते. म्हणून तिची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. असल्या एका साडीस कित्येक आठवडे, आणि नक्षी भरगच्च असल्यास कित्येक महिने लागतात. यंत्रमागावरची नक्कल दुरून तशीच दिसते. पण पदर उलटून पाहिला म्हणजे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. २०१० सालीं पैठणीस भौगोलिक चिन्हांकनाचें संरक्षण मिळालें. नांवाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क त्यामुळें निर्माण झाला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि तें चिन्ह गांवाचें व कलेचें रक्षण करतें. विकलेल्या साडीच्या किमतींतून विणणाऱ्याच्या हातीं किती पडलें, हें तें सांगत नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींचा कण्हदास सोनार आपलें नांव मूर्तीवर ठेवून गेला. आजच्या पैठणीवर दुकानाचें नांव असतें, विणकराचें बहुधा नसतें.

येथें आमच्या वाचकांचाही संबंध येतो. आपल्या घरांत लग्नकार्य निघालें कीं शालू-पैठणीची खरेदी होते. मांडवाच्या खर्चांत हजारोंचा विचार न करणारीं माणसें विणकराच्या मालावर मात्र घासाघीस करण्यांत भूषण मानतात, आणि मग त्याच लग्नांत एखाद्या संस्थेस देणगी जाहीर करतात. अशा गृहस्थांस आम्ही वाईट म्हणत नाहीं. दान डोळ्यांस दिसतें आणि मजुरी दिसत नाहीं, एवढेंच याचें कारण आहे. जें कुटुंबांत घडतें तेंच मोठ्या प्रमाणावर कंपनींत घडतें.

कायद्याकडे परत येऊन पाहिल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे जे नियम आहेत, त्यांप्रमाणें कंपनीनें आपल्या नेहमींच्या व्यवसायाच्या ओघांत केलेलीं कामें, तसेंच केवळ आपल्याच नोकरांच्या हिताचीं कामें, या खर्चांत धरलीं जात नाहींत. हेतु योग्यच आहे. नाहीं तर स्वतःच्या धंद्याचा खर्च कंपन्यांनीं दानाच्या खातीं टाकला असता. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, 'जबाबदारी' हें भारदस्त नांव धंद्याच्या बाहेरील कामास मिळतें, आणि धंद्याच्या आंतील वर्तन त्या नांवास मुकतें. कायद्याच्या यादींत पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांस उत्तेजन देणें हेंही आहे. तेव्हां एखादी कंपनी विणकरांच्या प्रशिक्षणवर्गास देणगी देऊन आपल्या अहवालांत त्यांचीं छायाचित्रें छापील, आणि त्याच वर्षीं आपल्या पुरवठादारांचीं बिलें महिनोन् महिने अडवून ठेवील, तर तिच्या जबाबदारीच्या अहवालांत कोठेंही डाग दिसणार नाहीं.

बिलांचा हा उल्लेख आम्ही उगीच केला नाहीं. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांभोंवतीं सुटे भाग करणारे शेंकडो लहान कारखाने उभे आहेत. आजचे कोलिकनिकाय तेच. अशा लहान उद्योगांसाठीं २००६ सालच्या कायद्यानें मालाचे पैसे अधिकांत अधिक ४५ दिवसांत देण्याचें बंधन घातलें, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज चक्रवाढीनें लावलें. सूत्राध्यक्षानें मजुरीस विलंब केल्यास दंड सांगणाऱ्या कौटिल्याचा हा थेट वारसा म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ज्याचा सगळा धंदा एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालतो, तो त्या गिऱ्हाइकावर फिर्याद करण्यास धजत नाहीं. कायदा हक्क देतो, पण मिंधेपणा काढून घेऊं शकत नाहीं. म्हणून येथें खरी गरज आहे ती निगमसभेच्या फलकाची: कोणत्या मोठ्या उद्योगानें आपल्या लहान पुरवठादारांस सरासरी किती दिवसांनीं पैसे दिले, आणि त्या पुरवठादारांनीं आपल्या मजुरांस काय दिलें, हे आंकडे देणग्यांच्या आंकड्यांशेजारीं, तितक्याच ठळकपणें, छापले जावेत.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक कडीस न्याय द्यावयाचा तर माल महाग होईल, आणि महाग माल खपला नाहीं म्हणजे विणकराचेंच नुकसान होईल. ही शंका खोटी नाहीं; चरखा संघासही तीच भेडसावली होती. पण स्वस्ताई ही कधींच फुकट नसते; तिची किंमत दुकानांत दिली गेली नाहीं तर ती मागावर बसलेल्याच्या घरांत, त्याच्या मुलांच्या शिक्षणांतून व प्रकृतींतून वसूल होते. आणि ज्या घरांत ती वसूल होते त्या घरांतील मुलगा बापाच्या मागावर बसत नाहीं. अशा रीतीनें कला मरते. मग तिच्या स्मारकास कितीही देणग्या मिळाल्या तरी उपयोग काय?

सारांश, कंपनीच्या दानास आमचा विरोध नाहीं. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांस तिच्या पैशानें मदत झाली आहे व होत राहावी. परंतु दान हा नफ्याचा शेवटचा अध्याय आहे आणि जबाबदारी ही किमतीच्या पहिल्या ओळींत असली पाहिजे. उषवदातानें ३००० कार्षापण दिले, यापेक्षां ते कोणाकडे, कोणत्या दरानें व कशासाठीं ठेवले हें त्यानें चारचौघांसमक्ष नोंदविलें, याचें मोल इतिहासास अधिक वाटतें. शेकडा २ चा हिशेब आतां आपल्या कंपन्या देऊं लागल्या आहेत. उरलेल्या ९८ चा हिशेब मागणें हें आपलें, म्हणजे भागधारकांचें, ग्राहकांचें आणि लग्नाची पैठणी घेणाऱ्या प्रत्येक घराचें काम आहे.